मामाजींचं भंगार, मामाजींचे निरोप

भांडं हातात आलं की ते फिरवून, उलटं करून त्यावर कोरलेलं नाव वाचल्याशिवाय ज्याला त्यातलं पाणीसुद्धा गोड लागत नाही, असा माणूस साऱ्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. कुरखेड्याच्या आसपासची जंगलातली गावं त्यांना 'भंगारवाले भाऊ' म्हणतात. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. त्या नुसता सुस्कारा सोडतात, आणि तो ऐकून मामाजी जिथे असतील तिथून 'काय झालं?' असं विचारतात.

मला पाहायला ते ब्रह्मपुरीला आमच्या घरी आले तेव्हापासून सांगते. माझे वडील तांदळाच्या गिरणीत कारकून. पोरगी कॉलेजात शिकलेली आणि स्थळ भंगारवाल्याचं, म्हणून घरात सकाळपासून कोणी फारसं बोलत नव्हतं. आईनं पोह्यांच्या ताटल्या पुढे ठेवल्या. मुलानं, म्हणजे आमच्या यांनी, मान खाली घालून मुकाट्यानं खायला सुरुवात केली. मामाजींनी मात्र ताटली डोळ्यांच्या वर उचलली, पोहे सांडू न देता तिची खालची बाजू पाहिली, आणि पहिलीतल्या मुलानं धडा वाचावा तसं सावकाश आणि मोठ्यानं तिथलं नाव वाचलं. नाव आमच्या शेजारणीचं होतं. ताटल्या आईनं त्याच सकाळी मागून आणल्या होत्या. आई भिंतीत शिरायची तेवढी राहिली. वडील खाकरले. मामाजींनी मुलाच्या हातातली ताटली घेतली, तीही वाचली. ती पलीकडच्या शेजारणीची निघाली. मग त्यांनी एक घास खाल्ला, नीट चावला आणि म्हणाले, "शेजार चांगला हाय तुमचा. ज्या घरी लोकं आपले भांडे देतेत, त्या घरची पोरगी पाहाची काय गरज? आमाले पसंत हाय." तोवर त्यांनी माझ्याकडे वर मान करून एकदाही पाहिलं नव्हतं.

लग्न होऊन कुरखेड्याला आले तर घराचं फाटकच मुळी दोन लोखंडी पलंगांच्या डोक्याकडच्या बाजू जोडून केलेलं. अंगणात एका मोडक्या जीपची सीट, ती मामाजींची बैठक. न्हाणीघराचं दार म्हणजे कुठल्याशा दुकानाची पाटी. त्यावरची 'उधार बंद आहे' ही अक्षरं अजून वाचता यायची, आणि आंघोळीला जाताना मला रोज त्यांचा राग यायचा. घरात विकत आणलेली नवी वस्तू अशी मीच पहिली, असं मला वाटे. मागे पसरलेलं आवार भंगारानं भरलेलं. एका बाजूला पत्रे, एका बाजूला प्लास्टिक, एका बाजूला शिश्या, रद्दीला वेगळं छप्पर. पितळ आणि तांबं मात्र घरात, सासूबाईंच्या खाटेखाली. माहेरी मला भंगारवाल्याच्या घरी दिलं म्हणून आई रडली होती. मी तसं रडले नाही, पण पहिलं वर्षभर मैत्रिणींना पत्ता सांगताना 'बाजारवाडीच्या मागे' एवढंच सांगत असे.

मामाजींचा धंदा सायकलचा. कॅरिअरला दोन्हीकडे पोती, पुढे दांडीवर कांद्या-लसणाची थैली, हँडलला प्लास्टिकच्या घागरी बांधलेल्या. जंगलातल्या गावांत बायकांना पैशापेक्षा कांदा-लसूण आणि घागर बरी वाटे. मोडकी बादली द्या, लसूण घ्या. फुटके जर्मनचे गंज, म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली, द्या, घागर घ्या. तराजू असे, पण मामाजी वस्तू हातात तोलून पाहत आणि बाईकडे पाहून एक मूठ जास्तच टाकत. त्यावर सासूबाईंचा सुस्कारा निघे. त्यांचं म्हणणं, हा माणूस लोखंड तोलत नाही, तोंडं तोलतो.

चालताना मामाजींची नजर कायम जमिनीवर. नात्यातल्या एका लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे ते एकदम वाकले, तेव्हा सगळ्यांना वाटलं म्हातारा पाया पडतोय. घोडेवाल्यानं घोडा थांबवला. बँड थांबला. मामाजींनी रस्त्यातला नट उचलून खिशात टाकला आणि वरातीला पुढे जायची खूण केली. घरी आल्यावर रोज संध्याकाळी जीपच्या सीटवर बसून ते वाकडे खिळे हातोडीनं सरळ करत. सरळ केलेल्या खिळ्याला कोणी जास्त भाव देत नाही, हे यांनी त्यांना पुष्कळदा समजावलं. मामाजी म्हणत, "वाकडा विकाले मले शरम वाटते."

काही वस्तू ते घेत आणि विकत नसत. पाळण्याच्या कड्या, नांगराचा फाळ, कुणाचं नाव असलेलं लग्नातलं भांडं. असा माल आवारातल्या भिंतीला टेकून वेगळा उभा असायचा. मालक परत मागायला येईल, असं मामाजींचं म्हणणं. सासूबाई त्याला 'पावण्यांची रांग' म्हणत आणि दिवाळीला साऱ्या घराची झाडलोट करताना ती रांग तेवढी सोडून देत. खरंच कधी कधी कोणी यायचं. एकदा कुरखेड्याच्या बाजाराला आलेला एक शेतकरी फाटकात बराच वेळ घुटमळला, आणि मामाजींनी त्याला न विचारता रांगेतला एक फाळ उचलून त्याच्या हातात दिला. त्या दिवशी सासूबाईंनीच चहा केला आणि सुस्कारा सोडला नाही.

पण मामाजींची खरी तऱ्हा होती ती निरोपांची. त्या भागात तेव्हा मोबाईलचा टॉवर नव्हता. पोरगी एका गावची, दिली दुसऱ्या गावी, मधे जंगल आणि नाले. एसटी एखाद्या मोठ्या रस्त्यालाच. तेव्हा माहेर-सासरच्या मधे फिरणारा माणूस म्हणजे भंगारवाला. मामाजींना निरोप सांगायचा आणि विसरून जायचं, तो पोचणारच. गोंडी त्यांना मोडकीतोडकी यायची, पण 'सेवा जोहार' म्हणून दारात उभे राहिले की म्हाताऱ्यादेखील त्यांच्याशी पोटातलं बोलत. निरोप ते जसाच्या तसा नेत. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. निरोपात आपलं काही घालणं म्हणजे दुधात पाणी, असं त्यांचं मत.

यातून भांडणंही झाली. दोन सख्ख्या बहिणी, दोन गावांत दिलेल्या. थोरलीची बकरी धाकटीकडे राखायला होती, ती मेली. थोरलीनं मामाजींबरोबर निरोप धाडला. तो निरोप मी इथे लिहू शकत नाही. मामाजींनी तो धाकटीच्या दारात, तिच्या नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, जसाच्या तसा, थोरलीच्या आवाजाच्या चढउतारासकट म्हटला. त्या बहिणी मोहफुलांचा सारा हंगाम एकमेकींशी बोलल्या नाहीत. सासूबाईंनी विचारलं, बाई रागात बोलली असेल, जरा गोड करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मामाजी खिळा सरळ करता करता म्हणाले, "गोड कराले मी काय हलवाई हाय?"

अशा माणसानं एकदा निरोप मोडला. ती हकीकत मी त्यांच्याच तोंडून, थोडी थोडी करून, खिळ्यांच्या ठोक्यांच्या मधल्या वेळात ऐकली आहे, आणि पुढची थोडी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

रमशिला नावाची एक पोरगी. तिचं माहेर मामाजींच्या फेरीतलं, सती नदीच्या बाजूचं जंगलातलं गाव. बाप नव्हता, आई तेंदूपत्ता तोडायची, मोह वेचायची, थोडं धान पिकवायची. रमशिला लहान असताना तुटक्या चपला गोळा करून मामाजींची वाट पाहत बसायची. तिच्या लग्नात मामाजी जेवले होते. पण लग्नातच मानपानावरून दोन्हीकडच्या माणसांत वाजलं आणि नवऱ्याकडचे न जेवता उठून गेले. तेव्हापासून दोन घरांत येणं-जाणं बंद. रमशिला दूर, ब्रह्मपुरीच्या रस्त्याकडच्या गावी. तिला माहेरी पाठवत नसत आणि आईला तिकडे पाऊल टाकता येत नसे. मधे फक्त मामाजींची सायकल. आई निरोप द्यायची, पोरगी उलट निरोप द्यायची, आणि तो नेहमी एकच असायचा. सर्व बरं हाय.

धान कापून झालं होतं, थंडी पडली होती. मामाजी रमशिलाच्या सासरच्या गावात शिरले तर तिचा नवरा स्वतःच हाक मारून पुढे आला. त्याच्या हातात पितळी गुंड होता, पाणी भरायचा. मामाजींनी सवयीप्रमाणे तो उलटा केला. बुडाशी कोरलेलं होतं, 'रमशिला हिस मामाकडून'. त्यांनी गुंड खाली ठेवला आणि म्हणाले की बाईच्या नावाचं भांडं मी बाईला विचारल्याशिवाय घेत नाही. नवरा म्हणाला, ती झोपली आहे. दिवस चांगला वर आला होता. घरची सून त्या वेळेला झोपत नाही, एवढं मामाजींना कळत होतं. ते म्हणाले, बरं, उठेपर्यंत बसतो.

आणि ते बसले. पडवीत सायकल आडवी घातली आणि चाकाच्या तारा घट्ट करायला लागले. सासूनं पाणी आणून दिलं, ते प्यायले. नवरा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. सासूनं म्हटलं, भाऊ, घ्याचा असन तं घ्या, नाई तं जा. मामाजी म्हणाले, तार ढिली हाय. सगळ्या तारा झाल्यावर त्यांनी दुसरं चाक घेतलं. घरातल्या माणसांना कळून चुकलं की हा म्हातारा उठणारा नाही, आणि शेवटी नवऱ्यानंच आत जाऊन तिला बाहेर आणलं.

ती भिंत धरून आली. पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि पोटुशी असल्याचं दिसत होतं. मामाजींनी तिला ओळखलं ते फक्त गुंडावरच्या नावामुळे, इतकी ती उतरली होती, असं ते सांगतात. सासू आणि नवरा दोन्हीकडे उभे. रमशिलानं गुंडाकडे पाहिलं. म्हणाली, "विकू द्या भाऊ." मग म्हणाली, "मायले सांगजा, सर्व बरं हाय."

मामाजींनी सायकल उभी केली. गुंड तिथेच ठेवला. पोती अर्धीही भरली नव्हती, तरी त्यांनी फेरी सोडली आणि जंगलातल्या पायवाटेनं सरळ तिच्या माहेरचा रस्ता धरला. वाटेतल्या गावांत बायकांनी हाका मारल्या, पोरं मागे धावली. मामाजी थांबले नाहीत. एवढ्या वर्षांत हाक मारणाऱ्या बाईला न थांबता पुढे गेल्याचा तो एकच दिवस, आणि त्याबद्दल त्यांनी नंतर त्या सगळ्यांची माफी मागितली.

रमशिलाची आई अंगणात धान पाखडत होती. मामाजींनी पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाले, "निरोप हाय, सर्व बरं हाय. हा तिचा. आता माझा आयका. काईच बरं नाई. डोळे पिवळे हायेत, भिंतीले धरून चालून राह्यली, पोटाशी हाय. उद्या नोका जाऊ बाई, आज जा."

आई सूप टाकून उठली. रमशिलाच्या भावानं गावातल्या आशाताईला, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेला, बरोबर घेतलं, जीप केली. तिकडे काय बोलणं झालं ते मला नीट माहीत नाही. पण आशाताईनं तिचे डोळे पाहिले आणि कोणाचंही न ऐकता तिला उचलून जीपमध्ये घातलं. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेली. सिकलसेल निघाला. आमच्याकडे हा रक्ताचा आजार घरोघर आहे, पण तिला तो आहे हे तिच्या सासरी कोणाला ठाऊक नव्हतं. सांधे दुखतात म्हटलं की कामचुकार म्हणत, डोळे पिवळे झाले तेव्हा झाडपाल्याचं औषध दिलं. लागोपाठ रक्त द्यावं लागलं. तिचा भाऊ आणि आशाताई रक्तासाठी माणसं शोधत फिरले. आमच्या यांनीही रक्त दिलं.

ते दिवस मी ब्रह्मपुरीलाच होते, माहेरी. माझी आई त्या मायलेकींसाठी डबा करायची आणि मी तो नेऊन देत असे. रमशिलाची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली असायची. डबा घ्यायची, पण मी समोर असेपर्यंत खायची नाही. पोरगी वाचली. पोटातलं वाचलं नाही. ते कळलं त्या दिवशीही तिच्या आईनं डबा माझ्या हातून घेतला, शेजारी ठेवला, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी का रडत होते ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

इकडे मामाजींचं व्हायचं ते झालं. पुढच्या फेरीला ते रमशिलाच्या सासरच्या गावात गेले तर चौकात माणसं उभी होती. भंगारवाल्यानं घर मोडलं, हा घराघरात डोळे फिरवतो, बायकांच्या चुगल्या करतो, असं बोलणं झालं. पोती उपडी केली. कोणीतरी चाकावर लाथ घातली, कोणीतरी त्यांच्या थोबाडीत मारली. गावपाटलानं निवाडा दिला की ह्यानं आता गावात पाय ठेवायचा नाही. आजूबाजूच्या गावांनीही तेच धरलं. अर्धी फेरी बंद झाली. मामाजी वाकडं चाक घेऊन सायकल ढकलत घरी आले. यांनी काठी काढली, चार मित्र गोळा केले. मामाजींनी फाटकाला आतून साखळी घातली आणि तिथेच सीट ओढून बसले. कोणाला बाहेर जाऊ दिलं नाही.

मला वाटलं होतं, मार खाल्ल्याचं त्यांना दुःख असेल. दोन-तीन दिवस ते खिळ्यांना हातसुद्धा लावत नव्हते. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तिनं भरोशानं एक गोष्ट सांगतली होती. मी ते तिच्या मायपुढं खोटी पाडली." मी म्हटलं, मामाजी, तुम्ही ती पाडली नसती तर पोरगी राहिली नसती. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ते खरं हाय. हे बी खरं हाय."

त्यानंतर त्यांनी निरोप नेणं बंद केलं. उरलेल्या गावांत बायका दारातून सांगायला लागल्या की ते हात जोडत आणि म्हणत, बाजारात भेटाल तेव्हा तुम्हीच सांगजा. लोकांना वाईट वाटायचं. काही घरांत बायका त्यांना पाहून पदर ओढून घ्यायच्या, की हा काय पाहील आणि कुठे सांगेल. आणि काही घरांत उलट झालं. कधी न बोलणाऱ्या सुना उगाचच मोडकी चाळणी घेऊन दारात यायच्या आणि मामाजी त्यांच्याकडे नीट पाहेपर्यंत आत जायच्या नाहीत. मामाजी पाहायचे. मग सायकल हळूहळू पुढे जायची.

उन्हाळा लागता लागता रमशिला तिच्या आईबरोबर आमच्या घरी आली. अंगावर थोडं मांस धरलं होतं, डोळे पांढरे झाले होते. मामाजी तिला पाहून सीटवरून उठले आणि कुठे बघावं हे न कळून पत्र्यांच्या ढिगाकडे बघत राहिले. ती खाली बसली. म्हणाली, "भाऊ, एक निरोप हाय." तिनं पुढे सांगितलं, त्या गावाला सांगा, मी आता येणार नाही. कोणावर राग नाही. माझी लुगडी आणि माझ्या मामानं दिलेला गुंड तेवढा पाठवा. एवढं बोलून तिनं विचारलं, "न्याल ना?"

त्या गावात पाय ठेवायला त्यांना बंदी होती हे तिला माहीत होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या, मी होते, हे होते. नाही म्हणा, असं आमच्या तिघांच्याही मनात होतं. मामाजी म्हणाले, "पुन्हा एकदा सांग. बरोबर सांग."

दुसऱ्या दिवशी ते गेले. हे मागून मोटरसायकलवर लांब राहून गेले, म्हणून पुढचं मला यांच्याकडून कळलं. मामाजी गावाच्या शिवेवर थांबले. आत पाऊल टाकलं नाही. सायकल मोहाच्या झाडाला टेकवली आणि ज्या आवाजात ते वर्षानुवर्षं लोखंड, पत्रा, पितळ ओरडत आले त्याच आवाजात त्यांनी रमशिलाचा निरोप ओरडायला सुरुवात केली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. माणसं जमली. कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या, पण ते शिवेच्या बाहेर उभे होते, त्यांना कोण काय करणार? ऊन चढलं. घसा बसला तसे ते पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. 'कोणावर राग नाई' हे ते इतक्या जोरानं ओरडत, की हे म्हणतात, ते ऐकून आपल्यालाच रडू येत होतं.

शेवटी रमशिलाची सासू आली. एकटीच आली. डोक्यावर गुंड, त्यात घड्या घातलेली लुगडी. माणसांनी तिला वाट दिली. तिनं गुंड उतरवून मामाजींच्या पायाशी ठेवला. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तिले सांगजा, मले समजलं नोतं."

मामाजींनी मान हलवली. गुंड पोत्यात न घालता दांडीवर पुढे बांधला आणि त्याच दिवशी नेऊन दिला. सासूचा निरोप सांगितला, तेवढाच, तसाच. रमशिलानं गुंड उचलून आत नेला. तिच्या आईनं मामाजींना जेवायला घातलं.

त्यानंतर मामाजी पुन्हा निरोप न्यायला लागले. फक्त आता निरोप घेण्याआधी ते बाईला सांगत, की तू सांगशील ते सांगीन, पण मला कोणी विचारलं, कशी आहे, तर मी पाहिलं तेही सांगीन. चालेल तर दे. बहुतेक बायका देत. रमशिला पुढे शिलाई शिकली. आजूबाजूच्या चार गावांचे ब्लाऊज ती शिवते. तिच्या सासरकडच्या गावांनी मामाजींची बंदी कधी उठवली असं नाही, पण एका वर्षी कोणीतरी हाक मारली, आणि ते शीव ओलांडून आत गेले.

आता टॉवर झाले. पोरी आपल्या आईशी रोज बोलतात, व्हिडिओवर दिसतात, मधे कोणी माणूस लागत नाही. आमच्या यांनी टेम्पो घेतला आहे. त्यावर भोंगा, आणि भोंग्यात भरलेला आवाज बाजारातल्या कुणाचा तरी. मामाजींचे गुडघे गेले, आणि गेल्या दोन वर्षांपासून गोष्टी विसरू लागले. आधी नावं गेली, मग गावं. कधी कधी ते मला सासूबाईंच्या नावानं हाक मारतात. सासूबाई म्हणतात, "मले तं कधी एवढ्या गोड आवाजानं हाक नाई मारली."

संध्याकाळी घरात त्यांचा जीव रमत नाही, म्हणून मी त्यांना बसस्टँडवर नेऊन बसवते. एसटीची वाट पाहणारी माणसं पाहिली की त्यांना बरं वाटतं. ते ज्याला-त्याला गाव विचारतात आणि तू अमक्याचा, तू तमक्याची असं सांगतात. बहुतेक चुकतात. माणसं हसून मान हलवतात आणि दुसरीकडे बघतात.

परवा कोरचीच्या गाडीसाठी एक मुलगी उभी होती, पाठीवर दप्तर, कॉलेजातली असावी. मामाजी तिच्याकडे खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तू त्या नाल्याच्या काठच्या घरची ना, धाकटी? तुझी माय मले ताक देत जाये."

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसते हात जोडले. ती खाली वाकली, त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "हो बाबा. मीच ते."

"केवढी झाली पाह्य," मामाजी म्हणाले. "शिकून राह्यली?"

"हो बाबा. शेवटचं वर्ष हाय."

गाडी आली. मुलीनं त्यांच्या पायाला हात लावला आणि गर्दीत चढली. खिडकीजवळ जागा मिळाली तशी तिनं हात बाहेर काढून हलवला. मामाजींनीही हलवला, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी हलवत राहिले. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. उजेड कमी होत होता, म्हणून मी त्यांना हात देऊन उठवलं. घरी येईपर्यंत ते खुशीत होते. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, की नाल्याच्या काठच्या घरची पोरगी शिकून राह्यली, शेवटचं वर्ष हाय तिचं.